१९९९ ची ब्रुनेल्लो आणि सकाळी अकराला काढलेलं बूच

वाइन जितकी जुनी तितकी भारी, हे वाक्य मी इतक्या लोकांच्या तोंडून ऐकलंय की आता वाद घालणं सोडून दिलंय. आपल्याकडे बऱ्याच घरांत अशी एक तरी बाटली असते, कुणीतरी कधीतरी ड्यूटी फ्रीतून आणलेली, शोकेसमध्ये ट्रॉफ्या आणि सत्काराच्या फोटोंच्या मधे उभी करून ठेवलेली, दर एप्रिल-मे मध्ये शिजून निघणारी, आणि घरातलं कुणीतरी मोठं माणूस कौतुकानं सांगत असतं की राहू दे, मुरू दे अजून. नाही मुरत हो ती. लोणचं मुरतं कारण मीठ, तेल, मोहरी सगळे मिळून त्याला सांभाळत असतात, वाइनला आतून सांभाळणारं काही नसेल तर ती नुसती म्हातारी होते. जगातल्या बहुतेक सगळ्या वाइन्स वर्ष-दोन वर्षांत पिऊन टाकण्यासाठीच केलेल्या असतात आणि त्यात कमीपणा काहीच नाही, उलट तशाच प्यायला मजा येते.

पण थोड्या वाइन्स खरंच थांबण्यासाठी केलेल्या असतात, आणि त्यातली एक नीट, घाई न करता, जाणत्या माणसाबरोबर प्यायचा योग आला म्हणून हे लिहितेय. ब्रुनेल्लो दि मोंताल्चिनो, इटलीतल्या मोंताल्चिनो गावची लाल वाइन, वर्ष १९९९, बियोंदी-सांती घराण्याची, त्यांच्या ग्रेप्पो नावाच्या इस्टेटवरची. ज्यांना माहितीये त्यांना आत्ताच जळजळ झाली असेल, ज्यांना नाही त्यांच्यासाठी पुढे सगळं येतंच आहे, पोस्ट जरा लांबणार आहे.

बाटली माझी नव्हती हे आधीच सांगते, माझी ऐपत नाही. म्युनिकला आमच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर एक इटालियन गृहस्थ राहतात, मूळचे सिएनाकडचे, सगळी नोकरी जर्मनीत गेली, आता रिटायर्ड. आम्ही त्यांना सिन्योरे म्हणतो. इथे प्रत्येक फ्लॅटला तळघरात लाकडी फळ्यांची एक खोली मिळते, बाकीचे लोक त्यात सायकली आणि बर्फातलं सामान कोंबतात, सिन्योरेंनी तिथे बाटल्या आडव्या रचून ठेवल्यात. अंधार, थंडावा, थोडी दमट हवा, कुणी हलवत नाही, कुणी कौतुकानं काढून दाखवत नाही. १९९९ ची ब्रुनेल्लो बाजारात आली २००४ मध्ये, तेव्हा त्यांनी घेतली होती, तेव्हापासून ती तिथेच. माझे बाबा पुण्याहून आले होते, त्यांची आणि सिन्योरेंची खाणाखुणांवर आणि दोन्हीकडच्या मोडक्या इंग्रजीवर चांगलीच गट्टी जमली होती, तर बाबांच्या निमित्तानं एक उघडूया असं सिन्योरेच म्हणाले. जेवण संध्याकाळी सातला ठरलं. आणि सिन्योरे सकाळी अकराला बाटली घेऊन दारात उभे.

मला वाटलं द्यायला आले असतील. तर नाही, उघडायला आले होते. बाटली आधीच दोन दिवस उभी करून ठेवली होती म्हणे, गाळ खाली बसावा म्हणून, आणि जिन्यानं वर आणतानाही बाळंतिणीला आणावं तशी आणली. नेहमीचा स्क्रूवाला ओपनर त्यांनी बघितलाही नाही, खिशातून दोन पातळ पोलादी पट्ट्यांचा एक ओपनर काढला, त्या पट्ट्या बूच आणि काच यांच्या मधल्या फटीत एकेक करून हळूहळू सरकवायच्या, डावी थोडी, उजवी थोडी, मग पिळत पिळत वर ओढायचं. इतक्या वर्षांचं बूच मधोमध भोसकलं तर भुगा होतो, असं कडेनं धरलं तर अख्खं येतं. आलं. खालचं टोक काळपट जांभळं झालेलं, वरचा भाग अगदी कोरडा, म्हणजे इतक्या वर्षांत वाइन बुचातून वरपर्यंत चढलीच नव्हती. ते बूच त्यांनी बाबांच्या हातात दिलं, बाबांनी वास घेतला आणि सुपारीचं खांड बघावं तसं फिरवून बघून परत दिलं.

मग एका ग्लासात अगदी थोडी ओतली, बाटलीतली पातळी मानेतून खाली जिथे बाटली रुंद व्हायला लागते तिथपर्यंत आली, आणि बास. बाटली तशीच उघडी ओट्याच्या कोपऱ्यात, गॅसपासून लांब. मी विचारलं, डिकँटर (वाइन ओतून ठेवायचं रुंद काचेचं भांडं) आणू का, माझ्याकडे आहे. त्यावर त्यांनी असं बघितलं की मी गप्प. नंतर समजावलं, की ही पद्धत त्यांची नाही, फ्रांको बियोंदी सांतींची. फ्रांको म्हणजे या घराण्याचे मागच्या पिढीचे कर्ते, जन्म १९२२, गेले २०१३ मध्ये, आणि ते सगळ्यांना हेच सांगायचे: बूच आठ तास आधी काढा, थोडी वाइन काढून टाका म्हणजे हवेला टेकायला जागा जास्त मिळते, आणि मग तिच्या वाटेला जाऊ नका. डिकँटरमध्ये धबधब्यासारखी ओतलीत तर इतकी वर्षं बंद राहिलेल्या वाइनला एकदम धक्का बसतो, हे तिला सावकाश जागं करणं. आणि खूप जुनी असेल तर आठ कशाला, चोवीस तास आधी उघडा असंही ते म्हणायचे.

अकरा वाजताची ती थोडीशी आम्ही तिघांनी वाटून प्यायली. खरं सांगू? काही नाही. बंद खोलीसारखा वास, थोडं लोखंड, थोडं चामडं, आणि जिभेवर आंबट, संपलं. बाबा मला मराठीत म्हणाले, "खराब झालीये का गं? सांगू नकोस त्यांना, वाईट वाटेल." सिन्योरेंना मराठीचं एक अक्षर येत नाही पण चेहरा वाचता येतो, ते हसले आणि म्हणाले, सातला भेटू.

आता मधले आठ तास. मी सगळे आठ तास बाटलीसमोर बसले नव्हते, स्वयंपाक होता, पण या घराण्याबद्दल जे काही वाचून, बघून, सिन्योरेंकडून ऐकून माहितीये ते इथे सांगते, कारण ते माहीत नसेल तर या बाटलीतलं अर्धं कळत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. (नवऱ्याचं मत वेगळं आहे, तो म्हणतो चव ती चव, इतिहासानं गोड लागत नाही. चालायचंच.)

मोंताल्चिनो हे सिएनाच्या दक्षिणेला चाळीसएक किलोमीटरवर, साडेपाचशे मीटर उंचीच्या टेकडीवर बसलेलं गाव. १३६१ चा किल्ला आहे, गल्ल्या इतक्या चढाच्या की दुकानातून बाटल्या घेऊन निघालात तर घाम फुटतो. दक्षिणेला मोंते आमियाता हा १,७३८ मीटरचा जुना ज्वालामुखी, तो वादळं आणि गारा बऱ्यापैकी अडवतो. आज हे गाव लाल वाइनसाठी जगभर माहीत आहे पण एकोणिसाव्या शतकात इथली प्रसिद्ध वाइन होती गोड, पांढरी, मोस्कादेल्लो. आणि तोस्कानात (इंग्रजीत टस्कनी, हा सगळा प्रांत) बाकी लाल वाइन म्हणजे चार जातींची द्राक्षं एकत्र करायची, त्यात पांढरीसुद्धा घालायची म्हणजे वाइन लवकर मऊ होते, आणि पुढच्या हंगामाच्या आत पिऊन मोकळं व्हायचं. टिकाऊपणा वगैरे कुणाच्या डोक्यात नव्हता.

त्यात क्लेमेंते सांती नावाचे एक फार्मसिस्ट, अभ्यासू माणूस, त्यांनी आपल्या निवडक लाल वाइनवर ब्रुनेल्लो असं नाव घातलं, आणि त्यांच्या १८६५ च्या वाइनला १८६९ मध्ये स्थानिक कृषी प्रदर्शनात बक्षीस मिळालं. त्यांची मुलगी कातेरिना, तिचं लग्न झालं बियोंदी आडनावाच्या फ्लोरेन्सच्या डॉक्टरांशी, आणि त्यांचा मुलगा फेरुच्चो. या फेरुच्चोनं दोन्हीकडची आडनावं जोडून घेतली. पोरगा १७ वर्षांचा असताना इटलीच्या एकीकरणासाठी लढणाऱ्या गारिबाल्दीच्या स्वयंसेवकांत जाऊन १८६६ मध्ये बेत्सेक्काची लढाई लढून आला होता, मग आजोबांच्या बागेत उतरला, तेव्हा युरोपभर वेलींवर बुरशी आणि फायलॉक्सेरा ही मुळं खाणारी कीड यांचा धुमाकूळ चाललेला. बागा नव्यानं लावायच्याच होत्या तर त्यानं ग्रेप्पोतल्या आपल्याच सांजोवेझे या काळ्या द्राक्षाच्या वेलींमधून उत्तम निवडून कलमं केली, बाकीच्या जाती काढून टाकल्या, फक्त सांजोवेझे, एकच जात, पीक कमी घ्यायचं आणि वाइन वर्षानुवर्षं ओकच्या मोठ्या पिंपांत ठेवायची. शेजारीपाजारी नक्की म्हणाले असतील की डोकं फिरलंय, कारण ते तेव्हा सगळ्या बाजाराच्या उलट होतं. त्याची १८८८ ची रिझेर्वा (खास चांगल्या वर्षीच काढायची वाइन) हीच आज ओळखतो त्या ब्रुनेल्लोची सुरुवात धरतात.

आणि आता ऐका, मला या घराण्याची सगळ्यात आवडणारी गोष्ट. १८८८ पासून पुढची ५७ वर्षं यांनी रिझेर्वा फक्त चार वेळा जाहीर केली. १८८८, १८९१, १९२५, १९४५. चार! मधल्या वर्षी वाइन होत होती, विकली जात होती, पण उत्तमातलं उत्तम म्हणून घराण्याचा शिक्का फक्त या चार वर्षांवर. १८९१ नंतर ३४ वर्षं एकदाही नाही, म्हणजे एक आख्खी पिढी "यंदा नाही" म्हणत राहिली. आपल्याकडे दर वर्षी स्पेशल एडिशन निघते त्या जमान्यात हे वाचून मला तर थांबून परत वाचावं लागलं.

फेरुच्चोचा मुलगा तांक्रेदी, शिकलेला वाइनतज्ज्ञ. १९४४ मध्ये युद्धाची आघाडी तोस्कानातून वर सरकत होती तेव्हा तांक्रेदी आणि त्याचा तरुण मुलगा फ्रांको यांनी तळघरात जुन्या रिझेर्वांच्या पुढे भिंत बांधून टाकली, सैनिक आले-गेले, कुणाला कळलं नाही मागे काय आहे. सोनंनाणं पुरल्याच्या गोष्टी आपण खूप ऐकतो, यांनी बाटल्या चिणल्या. याच तांक्रेदीनं आणखी एक उद्योग सुरू केला, जुन्या बाटल्या पुन्हा भरण्याचा. म्हणजे असं की बुचातून दशकानुदशकं थोडी थोडी वाइन उडून जाते, बाटलीत रिकामी जागा वाढते, हवा वाढते आणि वाइन मरायला लागते. तर दर काही दशकांनी बाटल्या उघडायच्या, चाखायच्या, ज्या ठणठणीत असतील त्या त्याच वर्षाच्या दुसऱ्या बाटलीतल्या वाइननं काठोकाठ भरायच्या आणि नवं बूच मारायचं. दुसऱ्या वर्षाचा एक थेंब नाही. १९२७ मध्ये पहिल्यांदा केलं, मग १९७० मध्ये मोठ्या थाटात, मारिओ सोल्दाती आणि लुइजी वेरोनेल्ली अशी तेव्हाची मोठमोठी लेखक मंडळी साक्षीला बसवून. म्हणजे चार बाटल्या धडधाकट ठेवायच्या तर पाचवी बळी द्यायची. हिशोबी माणसाला झोप येणार नाही.

त्याचा उपयोग काय झाला तर १९९४ मध्ये ग्रेप्पोत शंभर वर्षांच्या रिझेर्वा ओळीनं चाखायचा कार्यक्रम झाला, १८८८ पासूनच्या, आणि तेव्हा १८९१ ची, म्हणजे १०३ वर्षांची वाइन, समीक्षकांच्या लेखी जिवंत होती, नुसती जिवंत नाही तर डोक्यावर घेण्यासारखी. १९५५ च्या रिझेर्वाची कीर्ती तर वेगळीच, १९६९ मध्ये लंडनच्या इटालियन वकिलातीत इटलीचे राष्ट्राध्यक्ष सारागात यांनी राणी एलिझाबेथला मेजवानी दिली त्यात ती होती, आणि १९९९ मध्ये वाइन स्पेक्टेटर या अमेरिकन मासिकानं विसाव्या शतकातल्या १२ वाइन्सची यादी केली त्यात इटलीची ही एकटीच.

ग्रेप्पो मी मागे बघून आलेय. सायप्रसच्या झाडांच्या दोन उंच रांगांमधून वाट जाते, शेवटी वेलींनी भरलेलं जुनं दगडी घर, आणि भपका जवळपास शून्य. आजूबाजूला नव्या वाइनरी बघाल तर आर्किटेक्टचे प्रयोग, काचेच्या भिंती, हेलिपॅड नाही तेवढंच. इथे तळघरात उतरलं की स्लाव्होनियाच्या ओकची माणसापेक्षा उंच काळपट पिंपं आणि दगडाचा गारवा, बोलताना आवाज आपोआप खाली येतो. बागा उंचावर आहेत, काही ५०० मीटरपर्यंत, माती दगडाळ, ठिसूळ चकत्या निघणारी, तिला गालेस्त्रो म्हणतात. वेलींची विभागणी वयावर: दहा वर्षांच्या आतल्या वेली रोस्सोला, म्हणजे ब्रुनेल्लोच्या धाकट्या, लवकर बाजारात येणाऱ्या बहिणीला, त्याच्या वरच्या ब्रुनेल्लोला, आणि २५ च्या पुढच्या चांगल्या वर्षी रिझेर्वाला. आमची १९९९ ची रिझेर्वा नव्हती, साधी ब्रुनेल्लो होती, साधी म्हणायलाही कसंतरी होतं.

तिथे तरुण ब्रुनेल्लो चाखली होती आणि प्रामाणिकपणे सांगते, दात आंबले. तुरटपणा असा की कच्चं केळं खाल्ल्यासारखी जीभ जड. मला तेव्हा कळेना की लोक याला इतके पैसे का देतात. तर त्याचं उत्तर तोच आंबटपणा आणि तोच तुरटपणा आहे. उंचीमुळे रात्री गार पडतात, द्राक्षातला आंबटपणा जळून जात नाही, आणि सांजोवेझे मुळातच आंबट आणि तुरट जात. हे दोघं वाइनला आतून धरून ठेवतात. वर्षं जातात तसे तुरटपणाचे कण, म्हणजे टॅनिन, एकमेकांना आणि रंगाच्या कणांना चिकटत जातात, जड होतात आणि शेवटी तळाशी गाळ म्हणून बसतात, त्यामुळे वाइन मऊ होते आणि रंग फिका होतो, माणकासारख्या लालचा विटकरी. ताज्या फळाचा वास विरतो आणि त्या जागी सुकलेलं फळ, पाचोळा, तंबाखू, चामडं असलं काय काय येतं. पण आंबटपणा जात नाही, तो तसाच्या तसा राहतो, म्हणूनच जुन्या वाइनमध्ये तो सगळ्यात पुढे उभा असतो. ज्या वाइनमध्ये तरुणपणी आंबटपणा नाही तिचं म्हातारपण म्हणजे नुसतं गुळमट पाणी.

बरं, सात वाजले.

सिन्योरेंनी बाटली हळू वाकवून ओतली, मागे मोबाइलचा टॉर्च लावून मान बघत होते, गाळ मानेपर्यंत आला की थांबायचं. ग्लासातला रंग बघून बाबांचा पहिला शेरा, "पाणी घातलंय का?" कारण ग्लास तिरपा धरला की मागचा टेबलक्लॉथचा नक्षीकाम दिसत होता, मधे फिकट विटकरी लाल, कडेला चक्क नारिंगी. पण वास! सकाळची बंद खोली कुणीतरी उघडून झाडून काढली होती. सुकवलेली आंबट चेरी, संत्र्याची वाळलेली साल, चहाची पत्ती, पहिल्या पावसानंतर भिजलेल्या पानांसारखं काहीतरी, आणि दर पाच मिनिटांनी यादीत बदल. पहिला घोट आंबट, आमसुलाच्या सारासारखा तोंडाला पाणी सुटवणारा, मग मधे चेरीची हलकी गोडी येते आणि टॅनिन असं की अगदी बारीक, वस्त्रगाळ पावडर जिभेवर टेकून निघून गेल्यासारखं. गिळल्यावर चव राहते, राहते, राहते. अल्कोहोलचा चटका कुठेच नाही. आजकाल ब्रुनेल्लो चौदा-साडेचौदा टक्क्यांपर्यंत जातात आणि घशाला समजतात, हिचं तसं नाही.

जोरात बोलणारी वाइन नाहीये ही, हे आधी समजून घ्यायला लागतं. बाबा आयुष्यभर रविवारी रमचे दोन पेग घेणारा माणूस, त्यांनी एक घोट घेऊन ग्लास खाली ठेवला आणि म्हणाले, "चांगलीये. पण दम नाही." मी भाषांतर केलं नाही. मग त्यांना वाटलं नुसती कशी प्यायची, आत जाऊन पुण्याहून आणलेला भाकरवडीचा डबा घेऊन आले. सिन्योरेंनी भाकरवडी खाल्ली, आवडली, आणखी एक मागितली, पण खाताना डाव्या हाताचा पंजा स्वतःच्या ग्लासावर झाकण ठेवावा तसा ठेवून बसले होते आणि तोंड पाण्यानं धुतल्याशिवाय ग्लासाला हात लावला नाही. बाबांनी भाकरवडीवर घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. होणारच ना, तिखटावर टॅनिन कडू लागतं आणि साखरेवर आंबट वाइन अजून आंबट. लोक मला विचारतात कोल्हापुरी रश्शाबरोबर कुठली लाल वाइन, मी सांगते कुठलीच नाही, बिअर घ्या, दोघांचा मान राहील.

जेवायला मी त्यांच्याकडचे पिची केले होते, जाड शेवयांसारखा हातानं वळायचा पास्ता, नुसतं पीठ आणि पाणी, वर लसूण-टोमॅटो, आणि पिएन्झाचं पेकोरिनो, मेंढीच्या दुधाचं चीज. त्या चीजचा एक खारट तुकडा आणि वर एक घोट, तिथे बाबा पहिल्यांदा गप्प झाले. थोड्या वेळानं ग्लास पुढे सरकवला. सिन्योरेंनी काही न बोलता ओतली. नंतर बाबांनी मला हळूच विचारलं, केवढ्याला असते, मी म्हटलं आजच्या भावानं दोनशे युरोच्या वर, तर त्यांनी ग्लास दोन्ही हातांनी धरला. रिझेर्वाचा आकडा मी त्यांना सांगितलाच नाही.

फ्रांकोंबद्दल थोडं राहिलं. १९७० मध्ये वडील गेले आणि सगळं त्यांच्याकडे आलं, आणि १९८०-९० च्या दशकात वारं फिरलं. अमेरिकन समीक्षकांना काळी, गुबगुबीत, नव्या छोट्या फ्रेंच पिंपांत ठेवून व्हॅनिलाचा वास आलेली वाइन आवडायला लागली, मार्क त्यांना, भाव त्यांना. मोंताल्चिनोत जिकडेतिकडे नवी पिंपं आली. १९६७ मध्ये उत्पादकांची संघटना झाली तेव्हा इनमीन पंचवीसेक जण होते आणि ब्रुनेल्लोच्या बागा शंभर हेक्टरही नव्हत्या, आज २,१०० च्या आसपास हेक्टर आणि दोनशेच्या वर उत्पादक, त्यात भरपूर नवा पैसा. या सगळ्यात फ्रांकोंची वाइन फिकी, आंबट, जुनाट म्हणून हिणवली गेली. म्हातारा हलला नाही. तीच मोठी जुनी पिंपं, तीन वर्षं त्यात, तीच सांजोवेझे. आमची १९९९ ची त्याच काळातली, म्हणजे ज्या वर्षी मासिकं १९५५ च्या वाइनला शतकातल्या सर्वोत्तमांपैकी एक म्हणत होती त्याच वर्षी त्याच पद्धतीच्या नव्या वाइनला नाकं मुरडत होती. गंमत आहे की नाही.

मग २००८ मध्ये बॉम्ब फुटला. काही उत्पादक ब्रुनेल्लोत गुपचूप दुसरी द्राक्षं मिसळतात असा संशय, सरकारी वकिलांची चौकशी, बाटल्या जप्त. कायदा सांगतो १०० टक्के सांजोवेझे, तर काहींनी म्हटलं मग कायदाच सैल करूया. उत्पादकांचं मतदान झालं, आणि प्रचंड बहुमतानं ठरलं की नाही, सांजोवेझेच. फ्रांको याच बाजूचे होते, वेगळं सांगायला नकोच. माझ्या मते ते नाही झालं असतं तर आज ब्रुनेल्लो आणि इतर कुठलीही महाग लाल वाइन यात फरक राहिला नसता.

फ्रांको गेल्यावर २०१६ च्या शेवटी फ्रान्सच्या ईपीआय ग्रुपनं ग्रेप्पोचा मोठा हिस्सा घेतला, शॅम्पेनवाले चार्ल्स हाइडसिक आणि पायपर-हाइडसिक ज्यांचे आहेत तेच. सिन्योरेंसमोर हा विषय काढू नये, ते पाऊण तास बोलतात. मला मात्र इतकं वाईट वाटत नाही. वाइन अजून त्याच बागांतून, त्याच जातीची निघते, नवीन वर्षांची मी चाखलीये आणि ती वाट सोडून गेलीये असं वाटलं नाही. पण सिन्योरेंचं म्हणणंही खोटं नाही, की पणतूनं पणजोबाच्या वाइनला "यंदा नाही" म्हणणं वेगळं आणि बोर्ड मीटिंगमध्ये म्हणणं वेगळं.

बाटलीत शेवटी तीन बोटं वाइन आणि गाळ राहिला. सिन्योरेंनी टाकू दिला नाही, बूच उलटं बसवून फ्रिजमध्ये ठेवायला लावला, उद्या दुपारी बघ म्हणाले. दुसऱ्या दिवशी बाहेर काढून जरा गरम होऊ दिली, गाळून प्यायली, अजूनही धडधाकट, चेरी कमी आणि संत्र्याची साल जास्त. गाळ कडू लागतो, तो नका खाऊ, मी बोटावर घेऊन बघितलाय.

आता तुम्ही विचाराल हे वाचून आम्ही काय करायचं, पुण्या-मुंबईत ड्यूटी आणि कर धरून या बाटलीच्या किमतीत स्कूटर येईल. बरोबर आहे. सांजोवेझे म्हणजे काय हे कळण्यासाठी अकलूजला जा ना. गंमत नाही करत, सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या फ्राटेली वाइनरीनं तोस्कानाचे वाइनमेकर पिएरो मासी यांच्या हाताखाली सांजोवेझे लावलीये, त्यांची सेट्टे ही सांजोवेझे आणि कॅबर्ने सोव्हिन्योंची. मोंताल्चिनोत काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, आपल्याकडे हिवाळा संपता संपता, ऊन वेगळं, माती वेगळी, त्यामुळे हिच्यात ताजं फळ जास्त आणि आंबटपणा कमी, तीस वर्षं ठेवायची वाइन नाही ती, पण त्या आंबट चेरीचं घराणं ओळखू येतं. आणि परदेशात असाल तर ब्रुनेल्लोच्या आधी रोस्सो दि मोंताल्चिनो घ्या, तेच गाव, तीच जात, लवकर बाजारात येते आणि खिशाला झेपते.

जुनी बाटली विकत घेणारच असाल तर वर्षाच्या आधी मानेतली पातळी बघा, खांद्याच्या खाली गेली असेल तर फुकटातही नको. ती इतकी वर्षं कुठे होती हे विचारा, आणि विकणारा चाचरला तर निघा तिथून. दोन दिवस उभी ठेवा, जेवण सातला असेल तर बूच अकराला काढा, पहिला घोट वाईट लागला तर घाबरू नका. भाकरवडी जेवणानंतर.